वाचकांचे प्रश्न: परिसंवादातला इस्लाम आणि आपल्या गल्लीतला

गेल्या अंकात मी एका परिसंवादाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. दक्षिण मुंबईतल्या एका महाविद्यालयात इस्लामच्या प्रादेशिक अभ्यासावर दोन दिवस निबंधवाचन झालं, केरळपासून बंगालपर्यंतचे अभ्यासक आले, एका सत्राची अध्यक्ष मी होते, एका वक्त्याने संत शेख महंमदांना ‘सूफी’ म्हटलं, एवढंच. त्यावर पत्रांचा जो ढीग आला, तो पाहून संपादकांनी या वेळचं सगळं सदर याच विषयाला देऊन टाकलं. काही पत्रं प्रेमाची आहेत, काही चिडलेली, एकात तर नुसती प्रश्नचिन्हंच जास्त. नावं गाळायची विनंती दोघातिघांनी केली होती, म्हणून सगळ्यांचीच गाळली आहेत.

प्रश्न: कुराण एक, किब्ला (नमाजीची दिशा) एक. मग ‘कोकणातला इस्लाम’, ‘बंगालमधला इस्लाम’ असे तुकडे विद्वान कशासाठी पाडतात? आणि ‘प्रादेशिक’ म्हणजे शेवटी धर्म बदलूनही न सुटलेल्या जुन्या चालीरीतीच ना? (एक वाचक, विरार)

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत. पहिला म्हणतो, प्रदेशामुळे काही फरक पडत नाही. दुसरा म्हणतो, पडतो, पण तो काही बरा नव्हे. परिसंवादातही पहिल्या दिवशी चहाच्या आधीच हा वाद पेटला होता, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

विद्वानांची हकिगत लवकर आटोपते. १९६८ साली क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्को आणि इंडोनेशिया हे मुस्लिम जगाच्या दोन टोकांचे देश शेजारी मांडले आणि एकाच धर्मातला भला माणूस दोन ठिकाणी किती निराळा दिसतो, ते दाखवलं. आपल्याकडे इम्तियाज अहमद यांनी गावोगावच्या मुसलमानांच्या जाती आणि रीतिरिवाजांवरचे अभ्यास १९७३ पासून संपादित करून छापले. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९८३ मध्ये त्यांना हटकलं: तुम्ही स्थानिक रीतींनाच कायमचं धरून बसलात, पण सुधारणेच्या चळवळी लोकांना दोन शतकं शास्त्राकडे ओढताहेत, त्याचं काय? मग १९८६ मध्ये तलाल असद यांनी तिसरीच वाट काढली. मुसलमान स्वतः जिथून सुरुवात करतात, म्हणजे कुराण आणि हदीस (पैगंबरांच्या वचनांच्या नोंदी) यांच्यापासून, तिथूनच अभ्यासकानेही सुरुवात करावी आणि ‘हे करणं बरोबर का’ यावर त्या त्या ठिकाणचे लोक कसे भांडतात, ते पाहावं. मला हे पटतं, कारण आमच्या घरात मी तेच पाहिलंय.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. आम्ही कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. सासर उत्तर प्रदेशातून आलेलं, हनफी. सुन्नी धर्मशास्त्राच्या या दोन वेगळ्या परंपरा. लग्न होऊन मुंबईत आले आणि घरात असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजीच्या वेळा दोन झाल्या. शाफई हिशेबाने दुपारची मूळ सावली सोडून वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की असरची वेळ लागते, हनफी हिशेबाने ती दुप्पट व्हावी लागते. सासूबाईंना वाटायचं, सूनबाईला नमाज उरकायची घाई आहे. मग मी एकदा बाजारातून माकूल आणली. हनफी मताप्रमाणे समुद्रातली मासळी तेवढी चालते आणि माकूल मासळीत मोडत नाही, शाफई मताप्रमाणे समुद्रातलं जवळपास सगळंच. सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं नाही, पण त्या वाटीला हातही लावला नाही.

आता सांगा, यातली कुठली ‘न सुटलेली जुनी चाल’? दोन्ही बाजूंना हजारभर वर्षांच्या अरबी ग्रंथांचा आधार आहे. फरक वाटेचा आहे. उत्तरेत इस्लाम मुख्यतः मध्य आशिया आणि इराणकडून खुष्कीने आला, तिकडे हनफी मत. कोकण, भटकळ, मलबार यांचा व्यवहार येमेनशी, अरबी किनाऱ्याशी, गलबतांवरून. तिकडे शाफई. म्हणजे आमच्या प्रादेशिकपणाचं मूळ एडनच्या बाजूला सापडतं, गावाच्या वेशीवर नाही.

आणि हे कालपरवाचं नाही. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमाराला, अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी चौलला आला. त्याच्या नोंदीत चौलचं नाव सैमूर. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते, असं तो लिहितो. कुणी इराणी किनाऱ्यावरच्या सिराफचे, कुणी ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे आणि कुणी इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे मिटवायला त्यांच्यातलाच एक मुखिया राजाने नेमलेला. तो मुलूख राष्ट्रकूटांचा.

तुम्ही विरारचे, म्हणून तुमच्याच बाजूची एक गोष्ट. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या काळातला. संजाणच्या मुलखावर तेव्हा राजाचा अधिकारी होता मधुमती नावाचा ‘ताजिक’, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत रूप. त्याच्या संमतीने देवीच्या मठाला जमीन दिल्याची नोंद त्या पटावर आहे, तीही संस्कृतात. परिसंवादात हा ताम्रपट पडद्यावर आला तेव्हा मागच्या बाकावरची मुलं फोन खाली ठेवून बघायला लागली. माझ्या शिकवण्याने ते कधी झालं नव्हतं.

‘प्रादेशिक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाणी घातलेलं दूध येतं: अस्सल तिकडे अरबस्तानात, इकडे पातळ. मग माहीमच्या मखदूम अली माहिमींचं काय करायचं? १३७२ ते १४३१ हा त्यांचा काळ. तेव्हा माहीम म्हणजे समुद्रात बाहेर आलेलं एक बेट. तिथे बसून या माणसाने कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं आणि एकोणिसाव्या शतकात ते कैरोला छापलं गेलं. केरळातल्या पोन्नानीच्या झैनुद्दीन मखदूमांनी सोळाव्या शतकात लिहिलेला शाफई कायद्याचा ग्रंथ इंडोनेशियातल्या मदरशांपर्यंत पोहोचला. ज्ञान एकाच बाजूने वाहत होतं, असं मानायला मी तरी तयार नाही.

प्रश्न: आमचं घर वारकऱ्यांचं. शेख महंमदांचे अभंग आम्ही लहानपणापासून म्हणतो. परिसंवादात एकाने त्यांना ‘सूफी’ म्हटल्याचं तुम्ही लिहिलंत. आमच्या संताला कुठे नेऊन ठेवलंत? (एक ज्येष्ठ वाचक, दादर)

कुठेही नेलेलं नाही, श्रीगोंद्यालाच आहेत.

तुमचा राग मला कळतो, पण त्या वक्त्याचं म्हणणं पुरतं ऐकण्यासारखं होतं. शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मराठी ओवीतला, सतराव्या शतकातला. ते स्वतःला अविंध, म्हणजे मुसलमान, म्हणवतात आणि त्याच दमात हृदयात गोविंद असल्याचं सांगतात. मालोजी भोसल्यांची त्यांच्यावर श्रद्धा होती, असं परंपरा सांगते. त्यांचे गुरू चांद बोधले आणि चांद बोधल्यांचे धागे सूफी परंपरेशी जुळतात, हेही परंपराच सांगते. रा. चिं. ढेऱ्यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, सेतुमाधवराव पगडींनी सूफी संप्रदायावर लिहिलं. म्हणजे हा विषय कुणी परदेशी पंडिताने काल उकरून काढलेला नाही, आपल्याच मराठी अभ्यासकांनी तो कधीचा मांडून ठेवलाय.

ते वारकरी की सूफी, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. तो आपल्याला पडतो, कारण आपल्याला रकाने भरायची सवय लागलीय. इंग्रजांच्या जनगणनेने ती लावली. तरी लोक रकान्यात बसतच नव्हते: १९११ मध्ये मुंबई इलाख्याच्या जनगणना अधिकाऱ्याने ‘हिंदू-मुसलमान’ असा एक गटच नोंदवला आणि त्याबद्दल वरून बोलणी खाल्ली. तुम्ही अभंग म्हणत राहा. वक्त्यालाही ते येत होते, आणि त्याने म्हटले तेव्हा चाल तुमचीच होती.

प्रश्न: मी इतिहासात एमए करते, मराठी माध्यम. उर्दू वाचता येतं, बोलताना अडखळते. पुढच्या अशा परिसंवादात निबंध वाचायची इच्छा आहे, पण विषय सुचत नाही आणि भीतीही वाटते. मराठीत वाचलं तर हसतील का? (एक विद्यार्थिनी, मुंब्रा)

हसणारे हसतील. चहाच्या वेळी तेच तुझ्याकडे येऊन विचारतील, हे कागद कुठे मिळाले. मराठीत खुशाल वाच. १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याला आता तीन दशकांवर वर्षं झाली. मुसलमान मराठीत विचार करतो याचा धक्का आता कुणाला बसू नये.

आधी व्यवहाराचं. निबंध मागवणारं निवेदन निघालं की त्यात मुदत असते आणि गोषवारा किती शब्दांचा, तेही असतं. साधारण तीनशे. त्यात तुझ्याकडे कुठली कागदपत्रं किंवा कुठलं गाव आहे आणि त्यातून तू काय म्हणणार आहेस, एवढंच लिही. ‘गंगा-जमनी संस्कृती’ हे शब्द गोषवाऱ्यात दिसले की मी कपाळाला हात लावते. भाषणात ते ठीक, शोधनिबंधात त्यांच्यामागे लपायला फार जागा मिळते. शीर्षकाच्या शेवटी ‘एक अभ्यास’ लिहू नकोस. नसता केलास तर आम्ही बोलावलं कशाला असतं?

वाचायला पंधरा ते वीस मिनिटं मिळतात. घड्याळ लावून घरी मोठ्याने वाचून बघ. या वेळी माझ्या सत्रात एका विद्वानांनी प्रस्तावनेतच सगळी मिनिटं संपवली. ‘दोन मिनिटं’ अशी चिठ्ठी पाठवली, ती त्यांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुढे चालू. शेवटी मी माइक बंद करायला सांगितला. त्यांच्या निबंधाचा विषय चांगला होता म्हणतात.

विषयाचं म्हणशील तर तुझ्या हाताशी जे आहे, ते इतरांकडे नाही. एक म्हणजे मुलाणी. गावगाड्यात बलुत्यावर काम करणारा, हलाल करणारा, दर्ग्याचं बघणारा हा माणूस महाराष्ट्रातल्या खेड्यांची खास गोष्ट आहे. बलुतेदारांच्या काही याद्यांत त्याचं नाव येतं, काहींत येत नाही. का? या एका प्रश्नावर प्रबंध होईल. सतराव्या-अठराव्या शतकातले महजर, म्हणजे पंचायतीचे निवाडापत्र, काढून बघ: मजकूर मोडी मराठीत, कधी सोबत फारसी, वर काझीचा शिक्का आणि खाली पाटलाची नांगराची निशाणी. राज्य मराठ्यांचं आणि पंचायतीच्या निवाड्यावर काझीची मोहोर, हे एका कागदावर पाहायला मिळतं. पीर आणि दर्ग्यांच्या इनामांचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. मोडी शीक. उर्दूची काळजी नंतर करू. उर्दू येणारे परिसंवादात पुष्कळ असतात; मोडी येणारा एखादा असला तरी नशीब.

दुसरा विषय मोहरम. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत, त्यात हिंदूंचे मानाचे ताबूतही असतात. तिथे आता मोबाइल घेऊन बरेच जण जातात आणि ‘ऐक्याचं प्रतीक’ असं म्हणून परततात. तू गेलीस तर विचार: बांबू कोण देतं, गाठी कोण मारतं, मान कुणाचा आधी, तो कुठल्या कागदावर लिहिलाय आणि त्यावरून भांडण कधी झालं होतं. गावातले मौलवी याबद्दल काय म्हणतात, तेही टाळू नकोस. काहींना ताबूत मंजूर नसतात. नाराजी लिहिली नाहीस, तर गावातला अर्धा धर्म तुझ्या वहीबाहेर राहील.

मुंबईत बसून काम करायचं तर फोर्टमधलं राज्य पुराभिलेखागार आहे, एशियाटिक सोसायटी आहे, सीएसएमटी समोरच्या अंजुमन-ए-इस्लामच्या इमारतीत करीमी ग्रंथालय आहे, जामा मशिदीचा हस्तलिखितांचा कुतुबखाना आहे. मुंबई विद्यापीठाला आसफ फैजी यांनी इस्माइली (शियांची एक शाखा) हस्तलिखितांचा आपला संग्रह दिला. फैजी हे नाव आजच्या मुलांना माहीत नसतं: सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, मुस्लिम कायद्यावरच्या त्यांच्या पुस्तकाशिवाय वकिलांचं आजही चालत नाही. जाताना महाविद्यालयाचं पत्र ने, पेन्सिल ने. आणि ग्रंथपालांशी आधी दोन शब्द बोल, एकदम यादी समोर टाकू नकोस.

प्रश्न: व्यासपीठावर बसलेल्यांत बायका किती होत्या? आमच्या घरातल्या रीतींवर नेहमी पुरुषच बोलतात, शास्त्राने बोलणारेही आणि सुधारणेने बोलणारेही. (एक गृहिणी, कुर्ला)

व्यासपीठावर कमी, समोर बसलेल्यांत जास्त. आयोजकांना मी हे सांगितलं, त्यांनी मान डोलावली.

तुमच्या तक्रारीत अभ्यासाच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट आहे. रिचर्ड ईटन यांनी १९७८ मध्ये विजापूरच्या सूफींवर लिहिलं, त्यात त्यांना दखनीतली (दख्खनच्या जुन्या उर्दूतली) ‘चक्कीनामा’ नावाची गाणी महत्त्वाची वाटली. बायका दळताना म्हणायच्या ती. जात्याच्या खुंट्यात अलिफ, म्हणजे अल्लाच्या नावातलं पहिलं अक्षर, पाहायचा, जातं फिरेल तसं अल्लाचं नाव घ्यायचं. इस्लाम दख्खनच्या घराघरांत रुजला तो मोठमोठ्या ग्रंथांतून कमी आणि असा दळणाच्या वेळी जास्त, असं त्यांचं म्हणणं. मराठी वाचकाला जात्यावरच्या ओवीबद्दल वेगळं सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. पण विजापूरचा चक्कीनामा आणि मावळातली ओवी शेजारी ठेवून कुणी नीट ऐकल्याचं माझ्या पाहण्यात नाही. या परिसंवादातही त्यावर निबंध नव्हता. कर्बल्यावर दोन होते.

रीत जुनीच असते, हेही आपण फार सहज धरून चालतो. हाजीअलीचं घ्या. मजारीपर्यंत, म्हणजे आतल्या कबरीपर्यंत, बायकांनी जायचं नाही, हा नियम कुणाला शेकडो वर्षांचा वाटेल. तो आला २०११-१२ च्या सुमाराला. त्याआधी बायका आत जात होत्या, माझी आईही गेलेली आहे. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या उच्च न्यायालयात गेल्या, २६ ऑगस्ट २०१६ ला निकाल लागला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बायका पुन्हा आत गेल्या. निकाल वाचण्यासारखा आहे, कारण दर्ग्याच्या बाजूने शास्त्र मांडलं गेलं आणि अर्जदार बायकांनी वहिवाट दाखवली. त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८ एप्रिल १९६६ ला, याच शहरात हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांचा मोर्चा घेऊन विधानभवनावर गेले होते, तोंडी तलाकाविरुद्ध. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. कोकणातल्या इस्लामचा इतिहास लिहायचा आणि त्यातून मिरजोळी वगळायची, असं करणारे अभ्यासक मला भेटलेत. दलवाईंची मतं पटोत न पटोत, ते तिथलेच.

तुमच्या घरातल्या रीती तुम्हीच लिहा. लग्नाच्या आदल्या रात्रीची गाणी, सांदणं कधी करायची आणि कधी नाही, बाळंतिणीच्या खोलीत कोण काय पढतं. शाळेच्या वहीत लिहिलंत तरी चालेल, खाली तारीख आणि गाव घाला.

प्रश्न: असल्या परिसंवादांना पैसा कुठून येतो, हे एकदा स्पष्ट सांगाल का? (एक वाचक, ठाणे)

सांगते, लपवण्यासारखं काही नाही. थोडा महाविद्यालयाचा, थोडा नोंदणी शुल्काचा. अर्ज मंजूर झाला तर भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेसारख्या सरकारी संस्थेचं अनुदान असतं, ते बरेचदा सगळं संपल्यावर हातात पडतं. बाहेरगावच्या वक्त्यांना रेल्वेचं भाडं मिळालं. जेवणात डाळ-भात, एक भाजी, गुलाबजाम. पहिला दिवस शुक्रवारचा होता, म्हणून जुम्म्याच्या नमाजीसाठी मधली सुट्टी लांबवली होती. नमाजीला न जाणाऱ्यांनी त्या वेळात दुसऱ्यांदा गुलाबजाम घेतले. गैरव्यवहार म्हणायचा तर एवढाच माझ्या नजरेस आला.

प्रश्न: परिसंवादाला येणं जमलं नाही. दहावीतल्या मुलीला घेऊन एका दिवसात मुंबईत यातलं काय दाखवता येईल? (एक वाचक, डोंबिवली)

मध्य रेल्वेनेच या, मशीद बंदरला उतरा. इंग्रजांनी तुमच्या सोयीसाठीच ते नाव ठेवलंय असं समजा.

आधी क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद. १८०२ मध्ये पूर्ण झाली, कारभार कोकणी मुसलमानांच्या विश्वस्त मंडळाकडे. मुलीला तिथलं तळं दाखवा: मशीद जुन्या तलावावर उभी आहे, खांब पाण्यातून वर येतात, पाण्यात मासे आहेत. वजू, म्हणजे नमाजीआधी हातपाय धुणं, त्याच पाण्याने. तिथून डोंगरीच्या बाजूला चालत गेलात की मुघल मशीद लागेल. नाव मुघल, पण बांधली इराणी व्यापाऱ्याने, १८६० मध्ये, शिया पंथीयांसाठी. निळ्या फरशा आहेत, घुमट मुळीच नाही. मुलगी विचारेल, घुमटाशिवाय मशीद असते का? तिथेच तिचा प्रादेशिक अभ्यास सुरू झाला असं समजा. पुढे भेंडीबाजारात बोहऱ्यांचं रौदत ताहेरा, १९७५ चं, संगमरवरी, आतल्या भिंतींवर अख्खं कुराण कोरलेलं.

म्हणजे पायी फिरण्याच्या टप्प्यात शाफई सुन्नी, इराणी शिया आणि दाऊदी बोहरा. शिवाय याच वस्तीतल्या खोजा या व्यापारी जमातीचा १८६६ चा खटला. खोजे नक्की कोण आणि त्यांच्यावर इस्माइलींचे धर्मप्रमुख आगाखान यांचा अधिकार आहे का, हे मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आरनॉल्ड यांना ठरवावं लागलं. पुराव्यात ‘दशावतार’ नावाची रचना आली, तिच्यात दहावा अवतार हजरत अलींचा. खोजे शिया इस्माइली आहेत, असा निकाल लागला. या शहरात किती तऱ्हांचे मुसलमान एकमेकांशी चढाओढ करत होते, यावर नाईल ग्रीन यांनी २०११ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. ते इंग्रजीत आहे, मुलगी कॉलेजात गेल्यावर वाचेल.

संध्याकाळी दम उरला तर माहीम. डिसेंबरात गेलात तर मखदूम बाबांची जत्रा असेल, तिथे पहिला संदल, म्हणजे कबरीला चंदन वाहायची मिरवणूक, मुंबई पोलीस वाजतगाजत नेतात. बॅंडसकट. का नेतात, याच्या दोनचार कथा पोलीसच सांगतील.

दोघींसाठी ओढणी, यजमान येणार असतील तर त्यांच्यासाठी टोपी किंवा रुमाल बरोबर ठेवा. दारावर विचारून आत जा, बाईमाणसाला कुठपर्यंत जाता येतं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. फोटोचंही विचारा. शुक्रवारी दुपारी मात्र येऊ नका, चप्पल काढायलाही जागा मिळणार नाही.